आधी भाषा, मग वाचा



भाषेमुळे विचार घडतो की विचारातून भाषा, हा वाद तत्त्वज्ञ पिढ्यान्‌पिढ्या घालत आले आहेत. आपल्यापुढे, कर्णबधिर मुलांच्या शाळांमध्ये, तो रोज वर्गात उभा राहतो. सहाव्या वर्षी आपल्याकडे येणारं मूल अनेकदा कुठलीच भाषा न घेता आलेलं असतं. मराठी त्याच्या कानावर पडलेली नसते आणि सांकेतिक भाषा घरात कुणालाच येत नसते. अशा मुलाच्या मनात काय चालतं आणि काय अडतं, याचं मला सापडलेलं सर्वांत स्पष्ट उत्तर मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाचं आहे. म्हणून तिथली हकीकत जरा सविस्तर सांगते.

1977 मध्ये राजधानी मानाग्वात विशेष मुलांसाठी एक शाळा सुरू झाली. तोवर तिथली कर्णबधिर माणसं आपापल्या घरात, एकमेकांपासून तुटलेली होती. 1979 च्या क्रांतीनंतर शिक्षणाला जोर आला आणि काही वर्षांत शेकडो कर्णबधिर मुलं एकत्र आली. शिक्षक ओठवाचनातून आणि बोटांनी अक्षरं दाखवून स्पॅनिश शिकवत. त्यातून फारसं काही साधलं नाही. पण मधल्या सुट्टीत, शाळेच्या बसमध्ये मुलं आपापल्या घरच्या खुणा एकमेकांना दाखवत होती. त्यातून सर्वांना समजेल असं काहीतरी तयार होऊ लागलं. शिक्षकांना त्यातलं काही कळेना, म्हणून 1986 मध्ये सरकारने ज्युडी केगल या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ बाईंना बोलावलं. त्यांनी पाहिलं ते असं, की एक नवी भाषा जन्माला येत होती आणि ती घडवत होती मुलं.

मोठ्या मुलांनी सुरुवात केली, पण व्याकरण बांधलं ते मागून आलेल्या लहानग्यांनी. अ‍ॅन सेंगास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेलं एक निरीक्षण पाहा. कार्टूनमधलं मांजर उतारावरून गडगडत खाली येतं. ऐकू येणारी माणसं ते हाताने दाखवतात तेव्हा गडगडणं आणि खाली येणं एकाच हालचालीत येतं. पहिल्या पिढीतले कर्णबधिरही बहुतेक तसंच दाखवत. नंतरच्या मुलांनी त्याचे दोन तुकडे केले: आधी ‘गडगडणं’, मग ‘खाली’. डोळ्यांना एकसंध दिसलेली घटना त्यांनी सुटी केली आणि पुन्हा जुळवली. कुणी शिकवलं नव्हतं त्यांना. म्हणून भाषा नसेल तिथे विचारच नसतो, हे म्हणणं मी साफ नाकारते. ज्यांच्यापाशी भाषा नव्हती त्यांनीच ती निर्माण केली.

पण याच माणसांनी दुसरी बाजूही दाखवली. जेनी पायर्स आणि सेंगास यांनी दोन पिढ्यांतल्या कर्णबधिर व्यक्तींना चित्रकथा दाखवल्या. एक मुलगा खेळणं एका जागी ठेवून बाहेर जातो, मागे दुसरा ते हलवतो. पहिला परत आल्यावर कुठे शोधेल? ज्या जागी त्याने ठेवलं तिथे, हे आपल्याकडची ऐकू येणारी चार-पाच वर्षांची मुलं सहसा सांगतात. निकाराग्वातल्या धाकट्या पिढीलाही ते जमलं. पहिल्या पिढीतली माणसं तोवर पंचविशी गाठलेली, कामधंदा करणारी. त्यांतल्या बहुतेकांना ते जमेना. त्यांच्या बोलण्यात ‘वाटणं’, ‘माहीत असणं’ अशा मनाच्या व्यवहाराच्या खुणा फार थोड्या होत्या. गट लहान होता, हे मान्य. पण पुढची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. सुमारे दोन वर्षांनी तीच माणसं पुन्हा तपासली, तेव्हा धाकट्यांच्या सहवासात त्यांनी त्या खुणा उचलल्या होत्या, आणि चित्रकथेतलं उत्तरही त्यांना येऊ लागलं होतं.

संख्यांचंही तसंच आहे. निकाराग्वात आजही काही प्रौढ कर्णबधिर घरच्या खुणांवरच जगतात. ते कमावतात, पैशांचे व्यवहार करतात, मित्र जोडतात. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांना समोरच्या वस्तूंइतक्याच वस्तू मांडायला सांगितल्या. तीनपर्यंत बिनचूक, त्यापुढे अंदाज. एक-दोन-तीन-चार असा मोजायचा क्रमच त्यांना कुणी दिला नव्हता. बुद्धी शाबूत असते, जगणं चालू असतं, पण काही दारं भाषेशिवाय उघडत नाहीत.

आता आपल्या घरांकडे वळू. बहुसंख्य कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. अशा घरातल्या खुणा मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. अंगठा तोंडाकडे नेला की पाणी, मिशीवर बोट फिरवलं की बाबा, हात उगारला की मार. एवढ्यावर मुलाला उठवता येतं, जेवू घालता येतं, शाळेच्या गाडीत बसवता येतं. पण ‘आजी रागावली नव्हती रे, तिला वाटलं तू हरवलास’ हे त्याला कसं सांगणार? सांगता येत नाही म्हणून कुणी सांगत नाही. आजी ओरडली एवढंच मुलाच्या पदरी पडतं. मग तेच मूल वर्गात हात उचलतं, आणि आपण त्याच्यावर हट्टी, भांडखोर असा शिक्का मारतो. हा शिक्का मला असह्य वाटतो.

कर्णबधिरांच्या शिक्षणावर 1880 मध्ये मिलानला भरलेल्या परिषदेने खुणांना शाळेबाहेर काढलं, आणि भारतातली पहिली कर्णबधिर शाळा मुंबईत उघडली ती त्याच दशकात. ‘हात खाली, तोंडाकडे बघ’ हे वाक्य आपल्या किती पिढ्यांनी ऐकलं आणि ऐकवलं! श्रवणयंत्राला, कॉक्लिअर इम्प्लांटला, वाचाउपचाराला माझा तिळमात्र विरोध नाही. मिळेल त्या मुलाला ते लवकर मिळावं. पण निदान, पैशांची जुळवाजुळव, शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचा सराव यांत जी वर्षं जातात, त्या वर्षांत मुलाच्या मनाला खाऊ काय घालायचं? खुणा शिकल्याने बोलणं मागे पडतं, अशी भीती पालकांना घातली जाते, आणि ती घालणारे आपल्यातलेच असतात. ते आता थांबवलं पाहिजे.

2015 मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झालं. त्यांच्या कोशाच्या 2021 च्या आवृत्तीत दहा हजार शब्द आहेत. 2020 च्या शैक्षणिक धोरणात ही भाषा देशभर प्रमाणित करण्याचं वचन आहे. कोश दिल्लीत तयार झाला म्हणून लातूरच्या किंवा सावंतवाडीच्या घरात मात्र खुणा पोहोचत नाहीत. तिथे त्या माणसांनीच न्याव्या लागतात. म्हणून उद्याच्या खुल्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. निदान होताच आईवडील, आजीआजोबा आणि भावंडं यांच्यासाठी प्रत्येक शाळेने सांकेतिक भाषेचा वर्ग सुरू करावा, तो कर्णबधिर प्रौढांनी शिकवावा, आणि त्या शिकवण्याचं रीतसर मानधन त्यांना मिळावं. ‘वाटणं’, ‘समजणं’, ‘विसरणं’, ‘घाबरणं’ या खुणा फळं, रंग आणि प्राणी यांच्या आधी शिकवाव्यात, असंही त्यात लिहिलं आहे. ठरावाचा मसुदा नोंदणीच्या टेबलावर ठेवला आहे. ज्या शाळांना येत्या जूनपासून हा वर्ग उघडता येईल, त्यांनी आज संध्याकाळपर्यंत त्यावर शाळेचं नाव लिहावं.