आजाराचं नाव घ्यायला शिकू या
(मंडळाच्या आरोग्य-मेळाव्यात केलेलं भाषण)



आज मी बोलणार असं कळल्यावर एका मैत्रिणीचा फोन आला. "अगं, चारचौघांत कशाला? मुलीचं लग्न व्हायचंय अजून!" तिची काळजी मनापासूनची होती. पण ही भीती आपल्या घराघरांत आहे, म्हणूनच बोलते.

२००८ साली, वयाच्या ४४व्या वर्षी, मला स्तनाचा कर्करोग झाला. गाठ हाताला लागली, आठवड्याभरात बायॉप्सी झाली. निदान आलं: 'हर-टू पॉझिटिव्ह'. शंभरातल्या साधारण १५ ते २० जणींचा कर्करोग या प्रकारचा असतो. पेशींवर हर-टू नावाच्या प्रथिनाची गर्दी होते आणि त्यांना "वाढा, वाढा" असा हुकूम सतत मिळत राहतो. अशा गाठी जास्त आक्रमक असतात, हे लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमधल्या डॉ. डेनिस स्लॅमन यांच्या गटाने १९८७ मध्ये दाखवलं. त्या प्रथिनालाच अडवणारं औषध म्हणजे हर्सेप्टिन. पसरलेल्या रोगासाठी त्याला इथे १९९८ मध्ये मान्यता मिळाली, आणि सुरुवातीच्या टप्प्यासाठी नोव्हेंबर २००६ मध्ये. म्हणजे माझ्या आधी जेमतेम दोन वर्षं! कोणी याला नशीब म्हणेल. मी मात्र औषधाच्या चाचण्यांत स्वतःहून सामील झालेल्या बायकांचे आभार मानते.

ऑपरेशन, केमो, रेडिएशन, आणि वर्षभर दर तीन आठवड्यांनी हर्सेप्टिन. या औषधाचा हृदयावर ताण येऊ शकतो, म्हणून अधूनमधून इको. केमोच्या दिवसांत फोडणीचा वास सहन होईना, तर आमचे 'हे' गराजमध्ये शेगडी मांडून आमटी करायचे! सासूबाई सहा महिने येऊन राहिल्या. मंडळातल्या मैत्रिणींनी डब्यांच्या पाळ्या लावल्या. ते ऋण फिटणारं नाही.

पण एक गोष्ट अजून सलते. डॉक्टरांच्या फॉर्मवर प्रश्न होता: घरात आणखी कोणाला? सांगलीला आईला फोन केला. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "तुझ्या मोठ्या मावशीला तेच झालं होतं." आम्हा मुलांना कायम सांगितलं गेलं होतं की मावशी 'पोटाच्या दुखण्याने' गेली.

हर-टू आईकडून मुलीकडे जात नाही. तो बदल त्या गाठीतच झालेला असतो. पण बीआरसीए जीन्समधला दोष वारशाने येऊ शकतो, आणि तो आईकडून तसाच वडिलांकडूनही येतो. माझी चाचणी झाली, दोष निघाला नाही. मात्र घरचा इतिहासच लपवला, तर कोणी आणि कधी तपासायचं हे डॉक्टर तरी कसं ठरवणार?

अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये सांगितलंय: ४० ते ७४ वयात दर दोन वर्षांनी मॅमोग्राम. घरात कोणाला झाला असेल, तर त्याआधीच डॉक्टरांना विचारा. आणि गाठ लागली तर पुढच्या मॅमोग्रामची वाट बघू नका.

माझी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. आज ती डॉक्टरांचा फॉर्म भरते तेव्हा रकान्यात स्पष्ट लिहिते: आई, स्तनाचा कर्करोग, वय ४४. तिला काही दडवावं लागत नाही, याचं मला फार समाधान आहे.

यंदा भाऊबीजेला भारतात फोन कराल, तेव्हा फराळाच्या गप्पांबरोबर हेही विचारा. आज्या, आत्या, मावश्या कशाने गेल्या, ते लिहून ठेवा. आपल्या लेकींना सोन्याइतकंच ते उपयोगी पडेल.

दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा!