चौकट, बाण आणि रात्रपाळी



आजचा विषय फ्लो चार्टने पीएलसी, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणारा प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, चालवण्याचा. चौकटी-बाण ही संगणकवाल्यांची देणगी, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ यांनी १९२१ सालीच अमेरिकेतल्या यांत्रिकी अभियंत्यांपुढे कामाच्या प्रक्रियेचे तक्ते मांडले होते. म्हणजे माल कारखान्यातलाच. तरीही १९६८-६९ च्या सुमारास डिक मॉर्ले यांच्या चमूने पीएलसी घडवला, तेव्हा मान मिळाला लॅडर या आकृतीरूप भाषेला, कारण रिलेची ड्रॉइंग वाचणाऱ्या इलेक्ट्रिशियनला ती लगेच कळे. पीएलसीच्या भाषांसाठीच्या १९९३ च्या आंतरराष्ट्रीय मानकातही पायऱ्या आणि संक्रमणांचा एसएफसी (सिक्वेन्शियल फंक्शन चार्ट) आला. साधा फ्लो चार्ट बाहेरच राहिला.

तरी तो कुठं कामी येतो, ते पाहा. कोराडीसारख्या औष्णिक वीज केंद्रातला बॉयलर पेटवायचा तर आधी भट्टी हवेने धुऊन काढावी, म्हणजे पर्ज करावी लागते. पंखे चालू, इंधनाचे व्हॉल्व्ह बंद, हवा पुरेशी, निदान पाच मिनिटं पर्ज, मग इग्नायटर. ज्योत दिसली नाही तर इंधन बंद आणि पुन्हा पर्ज. लॅडरमध्ये हा क्रम अनेक ओळींत विखुरतो. फ्लो चार्टमध्ये गाडी जिथं अडली, तीच चौकट स्क्रीनवर उजळते. रात्री दोन वाजता प्रोग्रॅमरला झोपेतून उठवण्यापेक्षा हे बरं! (प्रोग्रॅमर मंडळी टाळ्या वाजवताहेत, त्याची नोंद घेतली.)

पण मला यात एक धोका दिसतो. ‘ज्योत दिसली का? नाही, तर परत विचार’ हा फेरा एकाच स्कॅनमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या एकाच फेरीत, फिरत ठेवला, तर पीएलसी तिथंच अडकतो आणि वेळेवर पहारा ठेवणारा वॉचडॉग त्याला बंद पाडतो. वाट पाहायची असेल तर अवस्था लक्षात ठेवून पुढच्या स्कॅनला पाहावी. आणि इमर्जन्सी स्टॉप चार्टमधली एक चौकट कधीच करू नये. तिथं पोहोचेपर्यंत तो कुणी तपासणारच नाही. क्रम फ्लो चार्टला द्यावा. संरक्षण त्याच्या बाहेर, प्रत्येक स्कॅनला आणि शक्य तिथं थेट वायरिंगनेच. यावर ज्यांचं दुमत असेल त्यांनी दुपारच्या सत्रात जरूर भांडावं.

जेवणात तिखट सावजी रस्सा आहे. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांनी आत्ताच नोंदणीच्या टेबलावर सांगावं, त्यांच्यासाठी फिकं वरण वेगळं ठेवलंय.