जुन्या प्रोग्रॅमचा नकाशा

बंगळूरहून होसूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर इलेक्ट्रॉनिक सिटी ही वसाहत आहे. आर. के. बाळिगा यांच्या कल्पनेतून, कर्नाटकाच्या 'केऑनिक्स' या सरकारी महामंडळाने १९७८ साली ती वसविली. पुण्यात १९८१ साली जन्मलेल्या इन्फोसिसचे मुख्यालयही पुढे तेथेच गेले. तेथे रोज नवे प्रोग्रॅम रचले जातात, अशी आपली समजूत असते. वस्तुतः पुष्कळसे कष्ट दुसऱ्याने पूर्वी लिहून ठेवलेले प्रोग्रॅम समजून घेण्यातच खर्ची पडतात. २००० साल उजाडण्यापूर्वी, वर्षाचे शेवटचे दोनच आकडे नोंदविणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमांची दुरुस्ती भारतीय कंपन्यांनी मोठ्या प्रमाणावर केली, तीही याच जातीची होती.

असा प्रोग्रॅम म्हणजे चार पिढ्यांनी आपापल्या सोयीने वाढविलेला वाडा. मूळ लेखक निघून गेलेले असतात. आराखडा असलाच, तर तो पहिल्या पिढीचा! कोणती भिंत कोणत्या तुळईला आधार देते हे न कळता हात घातला, तर बँकेची किंवा आरक्षणाची खिडकी बंद पडावयाची.

यावर उपाय असा, की चित्र हाताने काढूच नये. प्रोग्रॅमच्या मजकुरातूनच ते यंत्राकडून काढून घ्यावे. प्रत्येक वर्गाची, म्हणजे 'क्लास'ची, एक चौकट. तीत नाव, गुणधर्म आणि क्रिया यांचे तीन कप्पे. आणि वारसा दाखविणारा, पोकळ त्रिकोणाचा बाण. ही चिन्हे 'यूएमएल' या नावाने १९९७ साली प्रमाण ठरली.

परंतु हजार वर्गांचे चित्र काढले तर कागदावर केवळ कोळ्याचे जाळे उमटते. म्हणूनच ज्या साधनाला आपण दोन ओळींत आज्ञा देऊ शकतो, ते मला अधिक मोलाचे वाटते. 'फारो' या स्मॉलटॉक वंशातील भाषेसाठी 'रोआसाल' नावाचे असे साधन आहे. "एवढ्याच शाखेचे वर्ग दाखव, चौकटीची उंची क्रियांच्या संख्येइतकी, रुंदी गुणधर्मांइतकी आणि रंग ओळींच्या संख्येप्रमाणे गडद कर," असे त्यास सांगता येते. मग बुटक्या चौकटींच्या गर्दीत एखादा काळाकभिन्न मनोरा उभा राहतो. सारा कारभार एकट्याच्या अंगावर घेतलेला वर्ग तोच असण्याचा संभव मोठा. उद्या मजकूर बदलला, तर तीच आज्ञा पुन्हा चालवावी. चित्र शिळे होत नाही.

मात्र या चित्रातील सर्व रेषा सारख्या विश्वासाच्या नसतात. वारशाचा बाण मजकुरात लिहिलेलाच असतो, तो खरा. पण स्मॉलटॉकसारख्या भाषेत कोणत्या नावामागे कोणत्या जातीची वस्तू येईल, हे आधी जाहीर करण्याची पद्धत नाही; त्यामुळे परस्परसंबंधाचे कित्येक बाण हे यंत्राचे अनुमान असते. अशा बाणापाशी जाणता अभियंता पेन्सिलीने प्रश्नचिन्ह मांडतो, प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालवून पाहतो आणि मगच त्या भिंतीला हात लावतो.