सातबारा तारण ठेवण्यापूर्वी
(जिल्हा बैठकीतील भाषणावरून)



बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे दरवर्षी एक चौकशी येते. "पोरगी हुशार आहे. बारावीनंतर पाच वर्षांत पदवी आणि एमबीए दोन्ही एकदम मिळतात म्हणे. दोन एकर तारण ठेवू का?" आज याचाच हिशेब मांडू.

हा रस्ता खोटा नाही. इंदूरच्या आयआयएमने 2011 साली बारावीनंतरचा पाच वर्षांचा व्यवस्थापन अभ्यासक्रम सुरू केला. 2019 मध्ये रोहतकने आणि पुढे आणखी काही आयआयएमनी तसाच अभ्यासक्रम काढला. इंदूरला पहिली तीन वर्षे गणित, अर्थशास्त्र असा पाया पक्का करतात. शेवटची दोन वर्षे, पदवीनंतर कॅट परीक्षा देऊन आलेल्या मुलांच्या बरोबरीने एमबीए. तिथल्या लेखी परीक्षेत गणित आणि इंग्रजी एवढेच विचारतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतली पोर गणितात कमी पडत नाही. ती अडते इंग्रजीला. तेव्हा तयारी आठवीपासून करा, बारावीच्या निकालानंतर नव्हे.

जाहिरातवाले सांगतात, एक वर्ष वाचते. बोटांवर मोजून पाहा. बी.कॉम. तीन आणि एमबीए दोन, झाली पाचच. मग वाचले काय? कृषी पदवी चार आणि एमबीए दोन, म्हणजे सहा. इथे वर्ष वाचते खरे, पण शेतीचे शास्त्र हातचे जाते. वाचते ती मधली दुसरी प्रवेश परीक्षा. त्या बदल्यात सतरा-अठराव्या वर्षी पुढच्या पाच वर्षांचा निर्णय करून टाकावा लागतो.

कोरडवाहूवाला सगळा डाव एका पिकावर लावत नाही. कपाशीत तुरीची ओळ टाकतो. इथेही तुरीची ओळ पाहा. तीन वर्षांनी थांबावे लागले तर पदवी हातात पडते का? इंदूरला तशी सोय आहे. बाकी ठिकाणी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. दोन्ही पदव्यांवर कोणत्या विद्यापीठाचा शिक्का आहे तेही विचारा. पाच वर्षांची फी, वसतिगृह आणि खानावळ धरून एकूण आकडा मागा. पहिल्या वर्षाच्या फीवर भुलू नका.

आता कर्ज. समजा वर्षाला 2 लाख उचलले, पाच वर्षांत 10 लाख. व्याज दहा टक्के, तेही सरळ धरू. हप्ता साधारण शिक्षण संपल्यावर एका वर्षाने सुरू होतो. तोवर मीटर चालूच असते. सहाव्या वर्षाअखेर व्याजाचेच 4 लाख झालेले असतात. पहिला हप्ता भरण्याआधी 10 चे 14 झाले!

पण सातबाऱ्याला हात लावण्याआधी एक गोष्ट करा. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तिच्या यादीतल्या संस्थेत गुणवत्तेवर प्रवेश मिळाला तर कर्जाला तारण नको, जामीनदारही नको. घरचे उत्पन्न वर्षाला 8 लाखांपर्यंत असेल तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ता सुरू होईपर्यंत, व्याजात 3 टक्के सवलत आहे. मात्र ती दरवर्षी ठरावीक संख्येच्या मुलांनाच मिळते. संस्था यादीत आहे का, हा पहिला प्रश्न. यादीत नसेल आणि कॉलेजवाला जमिनीची चौकशी करत असेल, तर उठून घरी या.

मग पोरांना हे शिकवायचे कशाला? आम्ही कृषीचे पदवीधर. आम्हाला दोन झाडांतले अंतर शिकवले, बोंडअळी शिकवली. क्विंटलभर कापसातून 33 ते 35 किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी, आणि या दोहोंच्या भावावर कापसाचा भाव ठरतो, हे कोणी शिकवले नाही. तो हिशेब जिनवाल्याने केला, आपण फक्त गाडी रिकामी केली. आपल्या घरात हा हिशेब करणारे माणूस हवे. ते पोरगी असली तर अधिकच बरे.

शिकून ती गावातच आली पाहिजे असा आमचा हट्ट नाही. पण यावेसे वाटले, तर यायला शेत शिल्लक असले पाहिजे. म्हणून पोरीला पाठवा, सातबारा घरीच ठेवा.