ऑर्डर कुठवर आली?

मी केनवडच्या बचत गटातून बोलतेय.

मागच्या दिवाळीत आमच्या गटाला मोबाईलवर दहा किलो तूरडाळीची ऑर्डर आली. सगळ्या खूश! त्याच दिवशी डाळ भरली, पत्ता लिहिला, पाठवून दिली. पैसे मात्र आलेच नाहीत. नंतर पाहिलं तर ऑर्डरपुढे ‘पेंडिंग पेमेंट’ लिहिलेलं होतं. म्हणजे पैसे यायचे बाकी. तो शब्द आम्ही कोणी वाचलाच नव्हता. डाळ घेतली होती गटाच्या कर्जातून. हप्ता भरायची वेळ आली तेव्हा तो शब्द केवढ्याचा होता ते कळलं.

या शब्दाला ऑर्डरचं स्टेटस म्हणतात. गिरणीतले डबे आठवा. एक रांगेत, एक दळायला घेतलेला, एक दळून झाकण लावलेला. डबा कुठे आहे त्यावरून गिरणीवाल्याला पुढचं काम कळतं. स्टेटसही तेच सांगतं: आता काम कोणाचं?

वूकॉमर्स नावाच्या सॉफ्टवेअरवर पुष्कळ छोटी ऑनलाइन दुकानं चालतात. त्यातले शब्द सांगते, लिहून घ्या.

‘पेंडिंग पेमेंट’: ऑर्डर नोंदली, पैसे नाहीत. काम गिऱ्हाइकाचं. आपण थांबायचं.

‘ऑन होल्ड’: पैसे आल्याची खात्री व्हायची आहे. माल बाजूला राखून ठेवा, पाठवू नका. आधी बँकेचं खातं तपासा.

‘प्रोसेसिंग’: आता काम आपलं. माल भरा, पाठवा. पण कॅश ऑन डिलिव्हरी असेल, तर हाच शब्द दिसतो आणि पैसे मात्र माल पोचल्यावरच मिळतात. म्हणून पैसे कसे येणार, ते शेजारी वाचा.

‘कम्प्लीटेड’: काम पुरं झालं. ‘फेल्ड’: पैसे भरणं फसलं. ‘कॅन्सल्ड’: ऑर्डर रद्द. ‘रिफंडेड’: पैसे परत दिले.

दुसऱ्या दुकानात शब्द वेगळे असतील, कुठे नुसते आकडे किंवा अक्षरं असतील. घाबरू नका. प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारा. पैसे कुठे आहेत? माल कुठे आहे? आता काम कोणाचं?

आणखी एक. माल पाठवला हे मोबाईलला आपोआप कळेलच असं नाही. बऱ्याचदा आपल्यालाच स्टेटस बदलावं लागतं. आपण विसरलो तर गिऱ्हाईक आठ दिवस ‘प्रोसेसिंग’च बघतं, आणि मग चिडून फोन करतं. त्याची चूक नाही. स्पीड पोस्टने पाठवलं तर पावतीवर तेरा अक्षरी नंबर असतो: आधी दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी ‘आयएन’. तो लगेच गिऱ्हाइकाला कळवा. पार्सल कुठवर गेलं ते त्याला स्वतःलाच पाहता येतं.

आता आमच्या गटात एक वही आहे. तारीख, ऑर्डर नंबर, स्टेटस, पैसे आले का, आणि सही. दोघींनी स्टेटस वाचल्याशिवाय पिशवीला शिलाई मारायची नाही, असा ठराव बैठकीत केलाय. शाळेत जाणारी पोर शब्द वाचून देते, पण अर्थ आता आम्हाला पाठ आहे.

तुमच्याही पुढच्या बैठकीत मोबाईल मधे ठेवा, एक ऑर्डर उघडा आणि सगळ्या मिळून वाचा.