दिऑस्कूरोइ : एका जोडनावाचा उगम



पुनर्वसू नक्षत्रातील दोन ठळक ताऱ्यांना पाश्चात्त्य ज्योतिर्विद कॅस्टर आणि पोलक्स म्हणतात. ग्रीकांच्या या जुळ्या देवांचे जोडनाव ‘दिऑस्कूरोइ’. त्याच्या उगमाचा आज विचार करू.

नावात दोन पदे आहेत. ‘दिओस’ म्हणजे झ्यूसचे आणि ‘कूरोइ’ म्हणजे मुलगे. ‘झ्यूस’ या शब्दाची षष्ठी ‘दिओस’, तशीच संस्कृतातील ‘द्यौः’ची षष्ठी ‘दिवः’. ग्रीकातील वकार पुढे लोपला. पण ब्रिटिश म्युझियममध्ये केफालोनिया बेटावरील, इ. स. पू. सहाव्या शतकातील कांस्य थाळी आहे. एक्सोइडास नावाच्या विजेत्याने ती या जुळ्यांना अर्पण केली. तीवर ‘दिवोस कोरोइन’ असे वकारासह आणि द्विवचनात कोरले आहे. पुढचे ‘थोर’ हे विशेषण मुलग्यांना न लागता झ्यूसला लागते. म्हणजे तेथे ही दोन पदे अद्याप सुटीच आहेत.

‘कूरोस’ आणि ‘कुमार’ यांचे नाते जोडण्याचा मोह होईल. तो आवरावा. ‘कूरोस’चे जुने रूप ‘कोर्वोस’. मायकल व्हेंट्रिस यांनी 1952 साली उलगडलेल्या लिनिअर बी लिपीत ते ‘को-वो’ असे आढळते. त्यात मकाराला जागा नाही.

ऋग्वेदात अश्विनांना ‘दिवो नपाता’ म्हटले आहे. पहिले पद सगोत्र, दुसरे निराळे. तेव्हा नावाची उसनवारी कोणी केलेली नाही. आकाशदेवाच्या जुळ्या पुत्रांची कल्पना मात्र दोघांच्याही पूर्वजांची असावी. लाटव्हियन लोकगीतांतही ‘देवाचे मुलगे’ आहेतच.

आता खरी अडचण. नाव दोघांनाही झ्यूसचे पुत्र म्हणते. ‘ओडिसी’त मात्र दोघेही टिंडॅरिअसचे. पिंडारच्या दहाव्या नेमियन स्तोत्रात एक देवपुत्र, दुसरा मर्त्यपुत्र. ऋग्वेदातही (1.181.4) एक सुमखाचा आणि दुसरा द्यूचा पुत्र आहे. हा भेद योगायोगाचा वाटत नाही.

पिंडार पुढे सांगतो, कॅस्टर मरणोन्मुख पडला तेव्हा पॉलिड्यूसेसने, म्हणजे पोलक्सने, आपले अमरत्व भावाशी वाटून घेतले. तेव्हापासून दोघे एक दिवस पाताळात, एक दिवस देवांत राहतात. व्युत्पत्ती नावाचा अर्थ सांगते. मर्त्य भावालाही ते नाव कसे शोभले, हे या कथेतून कळते.