जीप उंच करण्याआधी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी प्रत्येकाला दहा मिनिटं दिलीत आणि अट एकच घातली, की ज्याला जे नीट येतं त्यानं त्यावरच बोलायचं. माझ्या आधी मधुमेहावर बोलून झालं, शेअर बाजारावर झालं. मला त्यातलं काही येत नाही. मला माझी जीप येते. ती बाहेर लिंबाखाली उभी आहे. सकाळपासून निम्म्या लोकांनी विचारलं, "अजून विकली नाहीस का रे?" आणि उरलेल्यांनी विचारलं, "आणखी उंच कधी करतोस?"

दुसरा प्रश्न विचारणाऱ्यांत पुण्याहून आलेला आपला एक मित्रही आहे. नाव घेत नाही, तो हसतोच आहे. त्यानं गेल्या वर्षी एक जुनी एमएम ५४० घेतली. सह्याद्रीत चिखल-दगडांतून हिंडायचा नाद लागलाय त्याला. घेतल्याच्या तिसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला, "चार इंच उचलायची आहे, कोणते पाटे टाकू?" मी त्याला उलट विचारलं, "आत्ता कोणते आहेत?" त्याला माहीत नव्हतं. आजचं भाषण म्हणजे त्याला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे. बाकीच्यांनी चहा येईपर्यंत सहन करावं.

जीप म्हटलं की आपल्या पिढीला आधी आठवतात ते तपासणीला येणारे साहेब. गेटातून जीप आत वळली की वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येई. तहसीलची जीप, पाटबंधाऱ्याची जीप, बीडीओची जीप, सगळ्या एकाच घराण्यातल्या. महिंद्रांनी १९४०च्या दशकाच्या शेवटी मुंबईत अमेरिकन विलीज जीपची जुळणी सुरू केली, तिथून हे घराणं आपल्याकडे आलं. (इतिहासाच्या सरांसाठी एक गोष्ट : १९४५ साली कंपनीचं नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं.) एमएम ५४० ही त्याच घराण्यातली ऐंशीच्या दशकातली लेक. मजबूत चॅसी, चारही चाकांवर लोखंडी पाटे, आणि मूळचं डिझेल इंजिन प्युजोच्या बनावटीचं.

आता अडचण अशी, की इतक्या वर्षांची जीप मूळ रूपात कधीच हातात येत नाही. प्रत्येक मालकानं आपापल्या गरजेप्रमाणे काहीतरी ठोकलेलं, कापलेलं, जोडलेलं असतं आणि त्याची वही कोणी ठेवलेली नसते. ती वही आपण जीपखाली झोपून वाचायची.

माझी घेतली तेव्हा मी आधी आरसी बुक आणि चॅसीवर ठोकलेला नंबर ताडून पाहिला. तो जुळला. इंजिन मात्र प्युजोचं नव्हतं, नंतरच्या काळातलं डीआय होतं. त्या बदलाची आरसीत नोंद होती म्हणून मी सौदा पुढे नेला; नसती तर तिथूनच परत फिरलो असतो.

मग मागचे पाटे मोजले. डावीकडे दहा, उजवीकडे अकरा. दोन्ही बाजूंचे आकडे जुळत नाहीत म्हणजे कुणाचा तरी हात फिरलेला आहे, हे शेंबडं पोरही सांगेल. त्यातल्या बहुतेक पाट्यांची टोकं निमुळती होती, पण तीन पाटे जाड आणि टोकं सरळ चौकोनी कापलेली. ते दुसऱ्याच कुठल्यातरी जड गाडीचे. पाटे एकत्र धरून ठेवणाऱ्या पट्ट्या गायब. मागच्या पत्र्यात दोन्ही बाजूंना ओळीनं बुजवलेली भोकं आणि मागच्या आडव्या चॅनेलखाली वेल्डिंग केलेले दोन ब्रॅकेट.

ही भोकं आणि ब्रॅकेट कशाचे, ते कळायला मला एक दिवस लागला. भोकं जादा बाकड्यांची होती आणि ब्रॅकेट मागच्या पायरीचे. माझी जीप एके काळी गावोगावचे प्रवासी वाहत होती. आत पंधरा, पायरीवर चार, टपावर जागा असेल तेवढे. त्या ओझ्याखाली ती बसू नये म्हणून कुणीतरी जाड पाटे घातले होते. आपल्या वर्गातल्या तिघीजणी अशाच जीपच्या पायरीवर उभ्या राहून, दप्तर पोटाशी धरून शाळेत यायच्या. पहिल्या तासाला उशीर झाला म्हणून त्यांना बाहेर उभं केलं जायचं. गुरुजी, मी तक्रार करत नाही, नुसती आठवण सांगतोय.

मुद्दा असा, की एकोणीस माणसांसाठी कडक केलेल्या पाट्यांवर आज मी एकटा बसतो. म्हणून ती प्रत्येक खड्ड्यात उडते. पाटा वाकतच नाही, म्हणून खडबडीत जागेवर चाक अधांतरी राहतं आणि नुसतं गरगर फिरतं. उंची कमी असल्यामुळे ती अडकते असं मलाही वाटायचं. तसं नव्हतं. चाक जमिनीला टेकत नव्हतं, म्हणून ती अडकत होती.

आता खरी गोष्ट. सपाट सिमेंटवर उभी करून मी चारही बाजूंना चॅसी आणि हाउसिंगमधलं अंतर मोजलं. पुढची उजवी बाजू दोन सेंटिमीटर बसलेली होती, आणि नवल म्हणजे पुढचा जादा पाटाही त्याच बाजूला होता. म्हणजे आधीच्या कुणीतरी गाडी कलते हे पाहिलं, कारण शोधलं नाही, पाटा वाढवला आणि गाडी तरीही कललेलीच राहिली. का? पाट्याची शॅकल जिथं चॅसीला धरते त्या जागी एक पट्टी मारून वर जाड काळा रंग फासलेला होता. मी तारेच्या ब्रशनं रंग काढला. डोळ्यांना काही दिसेना.

तेव्हा मला आपल्या विज्ञानाच्या सरांचा तास आठवला, केशाकर्षणाचा. जुने मिस्त्री हेच करतात, पण मला आठवले ते सरच. जागा रॉकेलनं भिजवली, थोडा वेळ थांबलो, कोरडी लख्ख पुसली आणि वर खडू घासला. घरात नातवाच्या पाटीचा होता, तोच. दहा मिनिटांत पांढऱ्या खडूवर एक काळसर रेघ उमटली. फटीत शिरलेलं रॉकेल वर येत होतं. पट्टीच्या कडेपासून निघालेली ती रेघ चॅसीच्या खालच्या कडेपर्यंत, बोटभर लांब होती.

त्याच आठवड्यात मी मुलाला, सुनेला आणि दोन्ही नातवंडांना घेऊन येलदरी धरणावर जाणार होतो. त्या रेघेकडे बघत मी किती वेळ जमिनीवर पडून होतो, ते सांगता येणार नाही. घरात कुणाला बोललो नाही. बायकोला आत्ता पहिल्यांदा कळतंय.

तर मित्रा, तुझ्या चार इंचांकडे येतो. उंच करायचे तीन स्वस्त मार्ग तुला कुणीही सांगेल. पहिला, लांब शॅकल. शॅकल दोन इंच वाढवली तर गाडी एकच इंच उचलते. आपल्या जुन्या जीपला पुढच्या पाट्याची शॅकल पुढच्या टोकाला असते, त्यामुळे हाउसिंग पुढे कलतं, किंगपिनचा मागचा कल कमी होतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येईनासं होतं. दुसरा, आणखी पाटे घालणं. त्याचं फळ सांगितलंच. तिसरा, हाउसिंगखालचे पाटे काढून वर बसवणं. एका फटक्यात पाच इंचांच्या आसपास उंची मिळते. पण या जीपचा मागचा शाफ्ट आखूड, त्याचा कोन एकदम चढा होतो आणि क्रॉस खाल्ले जातात. ब्रेकचे पाइप अपुरे पडतात, स्टिअरिंगचा दांडा तिरका होतो, आणि बांधावर गाडी कलली की पोटात गोळा येतो तो वेगळाच.

शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल, दोन्हींचा रोख एकच : कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत. पंधरा वर्षांपुढच्या गाडीला दर पाच वर्षांनी फेरनोंदणीसाठी आरटीओसमोर उभं राहावं लागतं. मला परभणीला जाऊन माझ्या वयाच्या अधिकाऱ्यापुढे कान धरायचे नाहीत.

मी काय केलं ते सांगतो. आधी चॅसी. जुनी पट्टी काढली, चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडलं म्हणजे ती पुढे सरकत नाही, चीर घासून खोल केली, चांगल्या वेल्डरकडून भरून घेतली आणि वर निमुळत्या टोकांची पट्टी मारली. पट्टीची सरळ कड चॅसीवर आडवी आली की तिथंच नवी चीर जाते. माझी जुनी तशीच गेली होती. मग परके पाटे काढून टाकले. उरलेल्यांची बसलेली कमान पाटेवाल्याकडून थंड ठोकून घेतली. भट्टीत घालू दिले नाहीत, कारण तापवून तसेच सोडले की पाण उतरते आणि वर्षात परत बसतात. दोन्ही बाजू सारख्या केल्या. बुश, सेंटर बोल्ट, यू बोल्ट सगळे नवे. यू बोल्ट पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळले; हे लोक विसरतात.

शॉकअप सगळ्यात शेवटी घेतले, आणि मापानं. चॅसी जॅकवर उचलून चाकं लोंबती ठेवून वरच्या-खालच्या खुंट्यांतलं अंतर घेतलं, मग चाक रबराला टेकेपर्यंत दाबून घेतलं. शॉकअप पूर्ण उघडल्यावर पहिल्या मापापेक्षा लांब हवा आणि मिटल्यावर दुसऱ्यापेक्षा आखूड हवा. नाहीतर झटका शॉकअपच्या खुंटीला बसतो आणि तीच तुटते.

एवढं करून गाडी किती उंच झाली? दीड इंच. तीही वाढवलेली नाही, तिची हरवलेली तेवढी परत आली. पण मृगाच्या पहिल्या पावसानंतर आपल्या काळ्या रानात, जिथं पायातली चप्पल मागे राहते, तिथल्या पांदणीतून ती पुढच्या गिअरला घालून गुमान निघाली. आधी त्याच जागी दोनदा ट्रॅक्टर बोलवावा लागला होता.

येलदरीलाही जाऊन आलो, महिनाभर उशिरा.

मागच्या पायरीचे ते दोन ब्रॅकेट मी काढलेले नाहीत. मिस्त्री म्हणाला कापून टाकू, उगीच वजन. मी म्हटलं राहू दे. आज सकाळी आपल्या त्या तिघींपैकी दोघी जीपच्या मागे उभ्या राहून काहीतरी कुजबुजत होत्या. मी जवळ गेल्यावर एकीनं एवढंच विचारलं, "पायरी कुठं गेली रे हिची?"

चहा आलेला दिसतोय. पुणेकर, तुझी जीप पलीकडे उन्हात उभी आहे. रॉकेलची बाटली माझ्या गाडीत आहे, खडू शाळा देईल. आपण दोघं जेवणाआधी तिच्याखाली जाऊन येऊ. तुझा तो पांढरा शर्ट मात्र बदल.